पर्यटनाचा विषय वहिनींकडे

ग्रामपंचायतीवर मी निवडून आले ती बिनविरोध. आमच्या प्रभागात महिला राखीव जागा पडली, ज्यांना विचारलं त्या सगळ्या नको म्हणाल्या, आणि मला नको म्हणायला वेळच मिळाला नाही. मी शिवणकाम करते. सगळ्या वाड्यांतल्या बायकांची मापं माझ्या वहीत आहेत, एवढाच काय तो माझा जनसंपर्क. सुरुवातीच्या मासिक सभांत मी हजेरीपटावर सही करायची, चहा प्यायची आणि घरी यायची. मग एका सभेत सरपंचांनी विषय काढला, "गावाला एवढा समुद्र आहे आणि आराखड्यात पर्यटनाचं नाव नाही. यंदा घालूया." सगळ्यांनी माना हलवल्या. "कोण बघणार?" म्हटल्यावर त्याच माना माझ्याकडे वळल्या. कारण काय, तर आदल्या मे महिन्यात पुण्याचं एक कुटुंब आमच्या माडीवर राहून गेलं होतं. इतिवृत्तात ओळ पडली: पर्यटनाचा विषय वहिनींकडे. त्या कुटुंबाने जाताना पंख्यावरून मला काय काय ऐकवलं होतं, ते इतिवृत्तात नाही.

गाव आमचं रत्नागिरी जिल्ह्यात, एका बाजूला खाडी, समोर समुद्र. हजार-बाराशे वस्ती. पर्यटन म्हणजे लोकांना बोलावणं, एवढंच मला ठाऊक. काहीतरी चकचकीत उभं करायचं, त्याचे फोटो काढायचे, फोनवरून सगळीकडे पाठवायचे, की गाड्यांची रांग लागते. रात्री बसून मी यादी केली: गावाच्या वेशीवर कमान, किनाऱ्यावर 'आय लव्ह' लिहून पुढे गावाचं नाव असलेली मोठी रंगीत अक्षरं, वॉटर स्पोर्ट्स, झोपाळा, ड्रोनने काढलेला व्हिडिओ. थोरली लेक दहावीत. तिने कार्डशीटवर किनाऱ्याचा नकाशा काढून सगळं कुठे येईल ते रंगवून दिलं. समुद्र निळा, वाळू पिवळी, अक्षरं लाल. ती गुंडाळी बगलेत मारून मी पंचायतीत गेले. भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, ती टेबलावर उलगडली. (त्यांचा हुद्दा सरकारने बदलून 'ग्रामपंचायत अधिकारी' केलाय, पण गावात ते भाऊसाहेबच.) बराच वेळ बघून म्हणाले, "चित्र छान आहे वहिनी. पण हे टाकू कुठल्या थीममध्ये?"

मला वाटलं, थीम म्हणजे रंगसंगती. मग त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला. गावाचा वार्षिक आराखडा, 'आमचा गाव आमचा विकास' नावाचा, ई-ग्रामस्वराज नावाच्या सरकारी संकेतस्थळावर चढवावा लागतो, आणि त्यातली कामं ठरलेल्या ९ संकल्पनांत बसवावी लागतात. गरिबीमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव, स्वच्छ आणि हरित गाव, पायाभूत सुविधांनी स्वयंपूर्ण गाव, सामाजिकदृष्ट्या सुरक्षित गाव, सुशासनाचं गाव आणि महिलास्नेही गाव. मी दोनदा वाचलं. पर्यटन त्यात नव्हतं. भाऊसाहेबांनी समजावलं की तसं नाव नसलं तरी अडत नाही. रस्ता, दिवे, वाहनतळ 'पायाभूत' मध्ये जातात, कचरा आणि शौचालय 'स्वच्छ आणि हरित' मध्ये. मग आम्ही माझी यादी घेऊन एकेक काम कुठे बसतं ते बघत गेलो. कमान कशातच बसेना. मी आशेने 'सुशासन' सुचवलं. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला.

मग आला पैशाचा प्रश्न. शिवणकामात हिशेब सोपा असतो, कापड किती, दर किती. इथे पैशालाच दोन जाती. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी, २०२१ ते २०२६ या वर्षांसाठीचा, पंचायतीच्या खात्यावर येत होता. त्यातला ६० टक्के 'बंधित' आणि ४० टक्के 'अबंधित'. बंधित म्हणजे बांधलेला. अर्धा पिण्याच्या पाण्यासाठी आणि अर्धा स्वच्छतेसाठी, दुसरीकडे हात लावायचा नाही. अबंधित म्हणजे मोकळा, गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा, फक्त त्यातून पगार करायचे नाहीत. "मग मोकळ्यातून घेऊया की अक्षरं," मी म्हटलं. भाऊसाहेबांनी मोकळ्या पैशाची यादी काढली. अंगणवाडीची गळती, खालच्या वाडीतली पाखाडी, पथदिवे, शाळेची संरक्षक भिंत. सगळं गेल्या ग्रामसभेत मंजूर झालेलं, आणि त्या ठरावांच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत मीही होते. एकूण काय, तर माझ्या यादीतल्या चकचकीत गोष्टींना पैसा नव्हता, आणि ज्याला पैसा होता ते काही माझ्या यादीत नव्हतं.

कुणीतरी सुचवलं, गावाला 'क' वर्ग घ्या. मला आधी राग आला. मागायचंच तर अ मागावं, तिसरा वर्ग कशाला? पण व्यवस्था तशीच आहे. पर्यटनस्थळांना अ, ब, क असे दर्जे असतात, आणि 'क' वर्ग जिल्हा नियोजन समिती देते, जिच्या अध्यक्षस्थानी पालकमंत्री असतात. तो मिळाला की जिल्ह्याच्या वार्षिक योजनेतून कामं मागता येतात. त्यासाठी ठराव लागतो, जागेचा सातबारा लागतो, अभियंत्याने केलेलं अंदाजपत्रक लागतं, मग तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग कार्यारंभ आदेश. तांत्रिक मान्यता म्हणजे 'हे असं बांधता येईल' आणि प्रशासकीय मान्यता म्हणजे 'बरं, बांधा', असा मी माझ्यापुरता अर्थ लावून घेतला. कुणी त्याला चूक म्हटलेलं नाही. तालुक्याला गेले, तेव्हा टेबलापलीकडच्या साहेबांनी चौकशी आस्थेने केली. म्हणाले, "वर्षाला पर्यटक किती येतात तुमच्याकडे?" मी म्हटलं, "खूप." त्यांनी पेन उघडून ठेवलं होतं ते बंद केलं.

किती येतात हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. सरपंच म्हणाले हजारो. माझे यजमान म्हणाले, "रिकामटेकडे तेवढे." मग ठरवलं, मोजायचं. जोडून सुट्ट्या आल्या, तशी मी तिठ्यावरच्या पिंपळाखाली खुर्ची टाकून बसले, शाळेची चौकटीची वही घेऊन. गाडी दिसली की रेघ. एमएच १२ आणि १४, म्हणजे पुणे-पिंपरीकडच्या, सर्वांत जास्त. मग ०९ कोल्हापूर, १० सांगली, आणि मुंबईच्या. ऐकायला सोपं वाटतं. पण येणारी गाडी मोजली तर तीच परत जाताना मोजायची का? मिनीबसमध्ये माणसं किती, हे काळ्या काचेतून कसं कळणार? आणि चाकरमानी? होळीला नि गणपतीला येतो तो पाहुणा की घरचा? माझ्या मावसदिराची मुंबईची गाडी मी पर्यटकांच्या रकान्यात घातली आणि ते त्याच्या आईला कळलं. तिने दोन रविवार माझ्याकडे ब्लाउज शिवायला टाकला नाही.

पण त्या खुर्चीवर बसून जे कळलं ते कुठल्याच प्रशिक्षणात कळलं नसतं. आलेल्यांतले बहुतेक राहायला आले नव्हते. सकाळी उशिरा येणार, पाण्यात उतरणार, गाडीच्या डिकीवर डबे उघडून जेवणार आणि सूर्य बुडाला की जाणार. खाणं त्यांचं, पाण्याच्या बाटल्या त्यांच्या. गावाला मिळाले ते डबे गुंडाळलेले कागद आणि त्याच बाटल्या, रिकाम्या. आणि खुर्चीवरची बाई बघून थांबलेल्या जवळजवळ प्रत्येक गाडीतून एकच प्रश्न आला. देऊळ कुठे, किल्ला कुठे, मासे कुठे चांगले मिळतात, काही नाही. "ताई, इथे टॉयलेट कुठे आहे?" विचारणाऱ्या बहुतेक बायका. पहिल्या काहीजणींना मी आमच्याच घरी पाठवलं, पाचवं घर, निळा दरवाजा. दुपारी घरी गेले तर सासूबाईंनी मोरीच्या दाराला कुलूप घातलं होतं, आणि वरची टाकी कोरडी पडली होती.

त्या कोरड्या टाकीमुळे माझी गाडी पाण्यावर आली. हा विषय मी यादीत घेतलाच नव्हता, कारण समुद्राकाठी राहून पाणी नाही म्हणायला लाज वाटते. आमच्याकडे पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पडतो, जूनमध्ये अंगणात पाय ठेवता येत नाही. आणि एप्रिल-मे मध्ये वरच्या वाडीला टँकर लागतो. हे कसं, ते मला पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्याने विहिरीच्या कठड्यावर बसून सांगितलं. आपला जांभा दगड म्हणजे चाळणी. उतार तीव्र, समुद्र जवळ, त्यामुळे पडलेलं पाणी थोडं मुरतं नि झिरपून जातं, बाकीचं सरळ खाली. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं दुखणं वेगळं. तिथे जमिनीखाली खारं पाणी असतंच, त्याच्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा थर असतो. पंप बेताने चालवला तर गोडं येतं. जास्त उपसा केला की खालचं खारं वर चढतं आणि विहीर मचूळ होते. एकदा मचूळ झाली की पुढचा पावसाळा जाईपर्यंत वाट बघायची, कधी त्याच्याही पुढे. किनाऱ्यालगतच्या एका घराने खोल्या बांधून राहायची सोय केली आणि मे महिन्यात दिवसभर पंप लावला. शेजारच्या तीन घरांच्या चहाची चव बदलली. त्या तीन घरांची मापंही माझ्या वहीत आहेत. तिथल्या बायका माझ्याकडे आल्यावर या गोष्टी बोलतच होत्या, आणि मी टाचण्या तोंडात धरून हूं हूं करत होते. पर्यटनाचा विषय त्यांनी माझ्याआधी काढला होता.

आराखड्याच्या मोहिमेत शिवारफेरी करायची असते. म्हणजे सगळ्यांनी मिळून गावभर चालत जायचं आणि काय आहे, काय नाही ते बघायचं. फेरी किनाऱ्यावर आली तशी मी लेकीची कार्डशीट उलगडली आणि बोट दाखवून सांगायला लागले, इथे वॉटर स्पोर्ट्स, इथे अक्षरं, इथे झोपाळा. एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, बरोबर होते. ते वाकून नकाशा बघत म्हणाले, "आणि रापण कुठे ओढायची, वैनी?" रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. होडीतून अर्धगोल टाकतात आणि दोन्ही दोर धरून माणसं वाळूवरून ओढत आणतात. त्याला खडक नसलेला, सपाट, मोकळा किनारा लागतो. आमच्या गावात तसा पट्टा एकच. लेकीने नेमका तिथे पिवळा रंग दिला होता. ती मोकळी दिसणारी जागा रिकामी नव्हती. रोज पहाटे ती भरलेली असते, आणि त्या वेळी मी झोपलेली असते.

बरोबर आलेल्या शाखा अभियंत्यांनी दुसरा धक्का दिला. "भरतीरेषा माहीत आहे का?" मला वाटलं, सोपा प्रश्न आहे. पाणी येतं तिथपर्यंत. "कुठल्या दिवशीचं?" रोजची भरती धरायची नसते. उधाणाच्या भरतीला पाणी जमिनीवर जिथपर्यंत चढतं ती रेषा, आणि ती आपण काठीने मारायची नसते, अधिकृत नकाशात आखलेली असते. किनारा नियमन क्षेत्राचे नियम, ज्याला सगळे सीआरझेड म्हणतात, ते तिथून लागतात. आमच्यासारख्या विरळ वस्तीच्या गावांत भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा 'ना विकास क्षेत्र' धरला जातो. तिथे पक्कं बांधकाम मनाला येईल तसं करता येत नाही, राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाचा विषय येतो. मात्र २०१९ च्या अधिसूचनेत पर्यटकांच्या तात्पुरत्या सोयींना वाट ठेवली आहे: शौचालय, कपडे बदलायची खोली, शॉवर, पिण्याचं पाणी, बसायची जागा. तेही भरतीरेषेपासून निदान १० मीटर सोडून, आणि रीतसर परवानगीने. अभियंत्यांनी खिशातलं पेन काढून कार्डशीटवर अंदाजे एक रेघ मारली. लेकीच्या नकाशातलं सगळंच रेघेच्या चुकीच्या बाजूला पडलं. एक माड तेवढा बरोबर बाजूला होता.

मग मी म्हटलं, ज्यांना जमलंय त्यांच्याकडे बघून येऊ. जिल्ह्यातलंच वेळास, मंडणगड तालुक्यातलं, नाना फडणवीसांचं गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. मादी वाळूत अंडी घालून जाते. ती कुत्र्या-कोल्ह्यांपासून आणि माणसांपासून वाचवायची, कुंपणात सुरक्षित ठेवायची, आणि पिल्लं बाहेर आली की समुद्राकडे सोडायची. एवढंच बघायला लांबून माणसं येतात, गावातल्या घरांत राहतात, घरचं जेवतात. आम्ही गेलो त्या सकाळी घरट्यावरची टोपली उचलली आणि खाली फक्त वाळू होती. मी कार्यकर्त्याला विचारलं, "मग आता या लोकांना काय दाखवणार?" तो म्हणाला, "नाही निघाली तर नाही." जमलेल्यांतलं कुणी ओरडलं नाही, कुणी पैसे परत मागितले नाहीत. दोरीच्या मागे उभं राहायचं, पिल्लांना हात लावायचा नाही, हे सगळ्यांना आधी सांगितलेलं होतं. संध्याकाळी थोडी पिल्लं निघाली. मी हरखून पुढे सरकले आणि एका लहान मुलीने माझा पदर ओढून मला दोरीच्या मागे घेतलं.

परतीच्या एसटीत आमच्यात बरीच चर्चा झाली. कुणी म्हणालं, सरकारने मनावर घेतलं की सगळं होतं. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तिथे बघा. कुणी भिलारचं उदाहरण दिलं. पाचगणीजवळचं ते स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव झालं, लोकांच्या घरांत, देवळांत पुस्तकं ठेवली, सुरुवातीलाच २५ जागा होत्या. मला त्यात एवढंच दिसलं की भिलारला घरं लोकांची होती आणि वेळासलाही. बाहेरून कुणी आणून ठेवलेल्या वस्तूवर गाव चाललेलं नव्हतं. हे मी बोलून दाखवलं नाही, कारण घाट लागला होता आणि मला एसटी लागते.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. ती मी घेतली, म्हणजे सतरंजी टाकली आणि बायका बोलायला लागल्या. शनिवार-रविवारी खालच्या विहिरीवर जाता येत नाही, गाड्या आडव्या लावलेल्या असतात. सुरूच्या बनात माणसं आडोशाला बसतात, आणि तिकडूनच मुली शाळेत जातात. वाळूवर जीप गोल गोल फिरवतात, तिथेच जाळी वाळत टाकलेली असतात. पण पाहुणे नकोत, असं एकीनेही म्हटलं नाही, हे मुद्दाम सांगते. कुणाला कोकम सरबत विकायचं होतं, कुणाला माडीवरची खोली द्यायची होती आणि त्यासाठीच्या निवास-न्याहारी योजनेत नाव कसं नोंदवतात ते हवं होतं. मी अजूनही कमानीवर होते. भीत भीत म्हटलं, "आधी वेशीवर कमान केली तर?" मागून एक काकू म्हणाल्या, "आणि गाडीतनं उतरलेल्या बायकांनी काय कमानीखाली बसायचं?" सतरंजी हसून लोळली. कमान त्या दिवशी यादीतून गेली.

शौचालयाला पैसा आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. भाऊसाहेबांनी परिपत्रक काढून दाखवलं. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण दुसऱ्या टप्प्यात सार्वजनिक शौचालयाच्या एका संकुलाला ३ लाख रुपये धरलेले असतात. त्यातले २ लाख १० हजार मिशनचे, ९० हजार पंचायतीने वित्त आयोगातून घालायचे. म्हणजे तोच बांधलेला पैसा, ज्याच्याकडे मी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्याच योजनेत घनकचऱ्यासाठी आमच्याएवढ्या गावाला दर माणशी ६० रुपयांपर्यंत आणि सांडपाण्यासाठी दर माणशी २८० रुपयांपर्यंत मिळतात. मी वहीत गुणाकार केला. बाराशे माणसं गुणिले ६०, बहात्तर हजार. मग माझ्या डोक्यात आलं आणि मी विचारलं, "माणशी म्हणजे कोण?" गावात राहणारी. तिठ्यावर बसून मी ज्यांच्या नावाने रेघा मारल्या ते त्यात नाहीत. त्यांना सरकारी भाषेत 'फ्लोटिंग पॉप्युलेशन' म्हणतात, म्हणजे तरंगणारी लोकसंख्या. आमच्या गावात ती खरोखरच तरंगायला येते. तिचा कचरा आमच्या वाट्याला, पण तिचं डोकं आमच्या हिशेबात नाही. इतक्या दिवसांत मला स्वतःच्या बळावर कळलेली ही पहिली गोष्ट. भाऊसाहेब म्हणाले, "हे सगळ्यांनाच माहीत आहे, वहिनी."

ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतली कमी असेल ती संख्या हजर लागते. त्या दिवशी गावात लग्न होतं. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते, पण नेमकी तेव्हा माणसं भरपूर आली, कारण वॉटर स्पोर्ट्स रद्द झाल्याची बातमी पोरांपर्यंत गेली होती. भांडण व्हायचं ते झालं. तरुण पोरांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांना गावात काम हवंय, आणि मी त्यांच्यापुढे शौचालय ठेवत होते. माइक हातात घेऊन मी तयार केलेलं भाषण सुरू केलं, वीज गेली, आणि पुढचं सगळं मला ओरडून सांगावं लागलं. 'सार्वजनिक शौचालय' हे शब्द चावडीवर उभं राहून बेंबीच्या देठापासून ओरडणं हा माझ्या सार्वजनिक आयुष्यातला सर्वोच्च क्षण. शेवटी तांडेलांनी तोड काढली. शाळेजवळच्या पंचायतीच्या मैदानावर वाहनतळ करायचा, फी घ्यायची, ती वसुली आणि किनाऱ्याची साफसफाई पोरांच्या गटाला द्यायची. रापणीचा पट्टा सोडून होडीतून खाडीची फेरी मारायला हरकत नाही, मात्र परवाने, जीवरक्षक आणि जॅकेट असतील तर. शौचालय एसटीच्या थांब्याजवळ, २०० मीटरच्या बाहेर. कपडे बदलायच्या तात्पुरत्या खोलीचा प्रस्ताव वेगळा पाठवायचा. खोल्या देणाऱ्या घरांनी मे महिन्यात पंप किती वेळ चालवायचा, यावर ठराव झाला नाही. तो विषय पुढच्या सभेवर गेला आणि तिथूनही पुढे गेला. तो होत नाही तोवर बाकीचं सगळं लंगडं आहे, असं माझं मत आहे आणि ते मी प्रत्येक सभेत मांडते. आता इतिवृत्तात 'वहिनींनी पुन्हा पाण्याचा विषय काढला' असं छापील वाक्यासारखं येतं.

आज शौचालयाचं काम जोत्याच्या वर आलंय. मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली की हप्ता निघेल, आणि सरपंच नि भाऊसाहेब या दोघांचं डिजिटल सहीचं डोंगल लागल्याशिवाय तो निघत नाही, हेही मला आता पाठ झालंय. स्वच्छता कोण ठेवणार, त्याचा पगार कशातून, यावर अजून खल चालू आहे. अबंधितातून पगार करता येत नाही, म्हणून वाहनतळाच्या फीवर आमचा डोळा आहे. ड्रोनचा व्हिडिओ मात्र झाला. गावातल्याच एका पोराने फुकट काढून दिला. त्यात मीही दिसते, तिठ्यावर, खुर्चीवर झोपलेली.

तेव्हा आमच्याकडे किंवा आमच्यासारख्या कुठल्याही किनाऱ्यावरच्या गावात येणार असाल, तर गाडी वाळूवर घालू नका, बाटल्या परत न्या, आणि खोली घेतलीत तर मे महिन्यात बादलीने अंघोळ करा. वाहनतळावर पैसे दिलेत की पावती मागून घ्या, पोरं 'राहू द्या' म्हणाली तरी. त्या पावत्यांच्या स्थळप्रतींवरूनच तालुक्याच्या साहेबांना मला आकडा सांगायचा आहे.